वाढत्या वासराच्या खुराकाचा हिशेब

सीना नदीच्या काठच्या एका खेड्यात काम करणाऱ्या आमच्या एका उपदेशक बंधूंचे पत्र गेल्या उन्हाळ्यात आम्हांस आले. पत्रात मंडळीची इतर हकीकत होतीच. पण शेवटी त्यांनी एका कुटुंबाविषयी विचारले होते. ह्या कुटुंबास शेत नाही. नवराबायको दोघेही मजुरीस जातात. त्यांनी एका बागाइतदाराची संकरित कालवड निम्म्या वाट्याने सांभाळावयास घेतली आहे. ठराव असा की, कालवड पहिल्याने व्याली म्हणजे तिची किंमत करावयाची आणि निम्मी रक्कम सांभाळणारास मिळावयाची. कालवड पाच महिन्यांची झाली होती. मजुरीत मिळालेल्या जोंधळ्यांतून, म्हणजे स्वतःच्या भाकरीतून काढून, ही माणसे तिला रोज भरडा घालीत. तिचे पोट तर गरगरीत दिसते, पण अंग भरत नाही, केस राठ झाले आहेत, तेव्हा कोठे चुकते ते कळवावे, असा बंधूंचा प्रश्न होता.

पत्राने उत्तर देण्यासारखी ही गोष्ट नव्हती. म्हणून पुढच्या फेरीत आम्ही शिंप्याची फीत खिशात घालून त्या गावी गेलो. तेथे जे पाहिले आणि जे करावयास सांगितले ते ह्या पाठात लिहितो. कारण तीच चूक आम्ही आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ दावणींवर पाहिली आहे, आणि दुसरी एक चूक आम्ही स्वतः एका वासराच्या जिवावर शिकलो आहो.

प्रथम वजन. वासरू वाढते की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. रोज पाहणाऱ्याचे डोळे फसतात, आणि सुटलेले पोट पाहून तर सर्वांचेच फसतात. वासरास सपाट जागी सरळ उभे करावे. पुढच्या पायांच्या लगत मागून छातीचा घेर इंचांनी मोजावा. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून शेपटीच्या बाजूच्या ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेरास घेरानेच गुणावे, आलेल्या संख्येस लांबीने गुणावे आणि तीनशेंनी भागावे. जे येईल ते पौंड, त्यास २.२ ने भागले म्हणजे किलो. ह्या कालवडीचा घेर ३४ इंच आणि लांबी ३० इंच भरली. ३४ गुणिले ३४ म्हणजे ११५६. त्याची तीसपट ३४,६८०. तीनशेंनी भागता साधारण ११५ पौंड, म्हणजे सुमारे ५२ किलो. काट्यावर घातले असते तर दोनचार किलोंचा फरक निघाला असता; पण महिन्याच्या महिन्यास एकाच हाताने मोजले, तर वाढ कळण्यास ही रीत पुरेशी आहे.

आता हिशेब पाहा. संकरित कालवड जन्मतः २५ किलोंची धरली, तर दीडशे दिवसांत तिने २७ किलो अंग धरले, म्हणजे दिवसास १८० ग्रॅम. अशी कालवड साधारण २५० किलोंची झाल्यावर फळवावी असा नियम आहे. ते वजन अठरा महिन्यांत गाठावयाचे, तर रोज चारशे ग्रॅमांहून थोडी अधिक वाढ हवी. १८० ग्रॅमांच्या चालीने तेच वजन येण्यास एकेचाळीस महिने लागतील, आणि गाभण काळाचे नऊ महिने त्यापुढे. म्हणजे जी कालवड सव्वादोन वर्षांची असता व्यावी, ती चार वर्षे उलटल्यावर व्याईल. मधल्या जवळजवळ दोन वर्षांची वैरण, पाणी, राखण आणि भाकरीतला जोंधळा हे सर्व ह्या कुटुंबाने फुकट घालावयाचे. हा हिशेब आम्ही ओसरीवर मोठ्याने वाचला, तेव्हा घरधनीण काही बोलली नाही. उठून कालवडीपुढचे घमेले तेवढे तिने आमच्यासमोर आणून ठेवले.

घमेल्यात काय होते? दिवसाकाठी किलोभर कडब्याची कुट्टी आणि अर्धा किलो जोंधळ्याचा भरडा. दुसरे काही नाही. दूध तर मालकाच्या गोठ्यातच सहा आठवड्यांत तोडले होते.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात जोंधळ्याचा मान मोठा आहे, आणि तो योग्यच आहे. मोहोळच्या प्रक्षेत्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून आपल्या काळ्या रानांत पेरली जात आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. माणसाने खावे, जनावराने कडबा खावा, असे हे पीक आहे. पण जोंधळा, मका, बाजरी ही सर्व धान्ये मुख्यतः पिष्टाची आहेत. पिष्ट म्हणजे सरपण. चुलीत सरपण घातल्याने ऊब येते, स्वयंपाक होतो. पण सरपणाने घराची भिंत चढत नाही. वासराचे मांस, रक्त, कातडे, खूर आणि शिंग ज्यापासून बनतात, ते द्रव्य निराळे. जुन्या पुस्तकांत त्यास मांसवर्धक किंवा नत्रयुक्त द्रव्य म्हणत. आता प्रथिन म्हणतात. जोंधळ्यात ते शेकडा सुमारे दहा असते, आणि कडब्यात शेकडा चार किंवा त्याहूनही कमी.

तेव्हा ह्या कालवडीस किलोभर कडब्यातून ४० ग्रॅम आणि अर्धा किलो भरड्यातून ५० ग्रॅम, मिळून ९० ग्रॅम प्रथिन मिळत होते. तिच्या वयाच्या व वजनाच्या वासरास चारशे ग्रॅमांच्या वाढीसाठी रोज अडीचशे ग्रॅमांच्या आसपास लागते. म्हणजे गवंडी रोज कामास येत होता, पण विटा तिसऱ्या हिश्श्याहून थोड्याच जास्त येत होत्या. पोट मात्र कडब्याने सुटत होते. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे की, वासराचे सुटलेले पोट हे पुष्कळदा उपासाचेच चिन्ह असते.

मग पेंड द्या, इतके सांगून आम्ही परतलो असतो तर चालले असते काय? नसते. शेजाऱ्यांनी तेच सांगितले होते, आणि हे कुटुंब सरकी पेंडीची एक गोणी उधारीवर आणण्याच्या बेतात होते. मोठ्या दुभत्या जनावरास सरकी पेंड चांगली, हे आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक आहे. पण लहान वासरू हे केवळ लहान आकाराचे जनावर नव्हे. त्याचे पोटच वेगळे असते. हे नीट समजल्यावाचून खुराकाचा कोणताही हिशेब जमणार नाही, म्हणून येथे थोडे थांबू.

गाईच्या व म्हशीच्या पोटास चार कप्पे असतात. मोठ्या जनावरात पहिला कप्पा सर्वांत मोठा. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जंतू वैरण कुजवून तिचे अन्न करतात, आणि म्हणूनच कडब्यासारख्या रुक्ष पदार्थावर बैल जगतो. पण नुकत्या जन्मलेल्या वासरात हा कप्पा चिमुकला व जवळजवळ निरुपयोगी असतो. त्याचा चौथा कप्पा तेवढा काम करतो, आणि प्यालेले दूध पहिल्या कप्प्यास वळसा घालून थेट तेथेच जाते. पहिल्या काही आठवड्यांत वासरू दावणीस असते इतकेच. पचनाच्या दृष्टीने ते मनुष्याच्या तान्ह्या लेकरासारखेच होय. ते रवंथ करणारे जनावर पुढे हळूहळू बनते.

ते कशाने बनते? पुष्कळांची समजूत अशी की, वैरण चघळून. वैरणीने पहिला कप्पा ताणतो व त्याचे स्नायू बळकट होतात हे खरे. पण त्याच्या आतल्या अस्तरावर जे बारीक बोटांसारखे अंकुर असतात, ज्यांच्या वाटे अन्न रक्तात शिरते, ते अंकुर वाढतात ते धान्य आंबून जी आम्ले निर्माण होतात त्यांमुळे. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासूनच वासरापुढे मूठभर भरडलेला खुराक ठेवावा. पहिल्याने ते नुसते हुंगेल. दूध प्याल्याबरोबर चिमूटभर खुराक त्याच्या जिभेस लावावा म्हणजे चव कळते. उरलेला रोज काढून मोठ्या जनावरास घालावा आणि ताजा ठेवावा. खुराकाबरोबर स्वच्छ पाणीही हवे. दूध पिते त्यास पाणी कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु दूध चौथ्या कप्प्यात जाते, आणि पहिल्या कप्प्यातील जंतूंस पाणी लागते ते प्यालेल्या पाण्यातूनच मिळते. पाण्यावाचून वासरू खुराक खात नाही.

आणि चिकाविषयी एक वाक्य येथेच लिहून टाकतो, जरी तो ह्या पाठाचा विषय नव्हे. जार पडेपर्यंत वासरास पाजू नये, ही जी रीत अजून कोठे कोठे आहे, ती वासराच्या मुळावर येते. कारण चिकातील रोगप्रतिकारक द्रव्ये वासराच्या आतड्यांतून रक्तात शिरण्याची वाट जन्मानंतर तासातासाने अरुंद होत जाते आणि एका दिवसात बंद होते. खरवस त्यानंतर उरेल त्याचा करावा.

आता सरकीकडे वळू. सरकीत गॉसिपॉल नावाचे एक विषारी द्रव्य असते. मोठ्या जनावराच्या पहिल्या कप्प्यातील जंतू ते बांधून निरुपद्रवी करतात. पण ज्या वासराचा तो कप्पा अजून तयार झाला नाही, त्याच्या हृदयास व यकृतास ते बाधते. म्हणून चार महिन्यांच्या आतील वासरास सरकी पेंड मुळीच देऊ नये, आणि आमच्या मते सहा महिने पुरे होईपर्यंत थांबणे बरे; विशेषतः वाढ खुंटलेल्या वासराच्या बाबतीत, ज्याचे पोट वयाच्या मागे राहिलेले असते. हीच गोष्ट युरियाची. मोठ्या जनावरांसाठी विकल्या जाणाऱ्या काही पशुखाद्यांत तो थोडा मिसळलेला असतो. तो पचविणारे जंतू लहान वासरात नसतात. गोणीवरचा छापील कागद वाचावा, वाचता येत नसेल तर उपदेशकांकडून वाचवून घ्यावा.

करडईची पेंड आपल्याकडे घाण्यावर मिळते. पण सालासकट काढलेली असली तर तिच्यात चोथा फार, म्हणून तीही मोठ्या वासरासाठीच ठेवावी. हरभऱ्याची व तुरीची चुनी चवदार असते आणि प्रथिन शेकडा सोळाच्या सुमारास. परंतु चुनीच्या नावाखाली पुष्कळदा नुसती टरफलेच मिळतात. मूठभर पाण्यात टाकून पाहावी. तरंगते ते सगळे टरफल.

लहान वासरास सर्वांत मानवणारी म्हणजे शेंगदाण्याची पेंड. तीत प्रथिन शेकडा चाळीसच्या आसपास असते. पण हिच्याविषयीच आम्हांस आमची स्वतःची गोष्ट सांगावयाची आहे. आमच्या पहिल्या नेमणुकीच्या गावी आम्ही एक खिलार गाय बाळगली होती. पावसाळ्यात एका दुकानी पेंडीची गोणी निम्म्या किमतीत मिळत होती. गोणी ओलसर होती, पेंडीच्या ढेपांवर हिरवट बुरशी आली होती. "जनावरास काय होते," असे दुकानदार म्हणाला. आणि पैसे वाचतात म्हणून आम्हीही तेच म्हणालो. गाय तगली. तीन महिन्यांचे वासरू पंधरवड्याने खाईनासे झाले, दात खाऊ लागले, आणि आणखी काही दिवसांनी गेले. जनावरांच्या डॉक्टरांनी ते उघडून यकृत दाखविले आणि बुरशीचे विष म्हणून सांगितले. त्या विषाचे नाव अफ्लाटॉक्सिन. १९६० साली इंग्लंडात सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत त्याचा प्रथम शोध लागला. ते उकळल्याने जात नाही, उन्हात वाळविल्याने जात नाही, बुरशी झटकल्यानेही जात नाही. बुरशी आलेली पेंड मातीत पुरावी, मग ती कितीही स्वस्तात मिळालेली असो.

आता मिश्रण कसे जुळवावे ते पाहू. दोन पदार्थ किती प्रमाणात घ्यावे हे काढण्याची एक सोपी रीत आहे. ती शाळेतील मुलासही करता येते. पाटीवर एक चौकोन काढावा. मध्यभागी आपणांस हवे असलेले प्रमाण लिहावे. समजा शेकडा २० प्रथिन. डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात जोंधळ्याचे १०, खालच्या कोपऱ्यात शेंगदाणा पेंडीचे ४०. आता कर्णाच्या दिशेने वजाबाकी करावी. १० व २० ह्यांतील अंतर १०, ते उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, पेंडीच्या ओळीत लिहावे. ४० व २० ह्यांतील अंतर २०, ते उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, जोंधळ्याच्या ओळीत. म्हणजे वीस भाग जोंधळा व दहा भाग पेंड, दोहोंस एक. ताळा पाहावयाचा तर दोन किलो जोंधळ्यात २०० ग्रॅम व एक किलो पेंडीत ४०० ग्रॅम, मिळून तीन किलोंत ६०० ग्रॅम, म्हणजे शेकडा वीसच. वासरू मोठे झाले आणि शेकडा १६ पुरे झाले, तर त्याच चौकोनात २४ व ६ येतात, म्हणजे चारास एक. ज्यांच्याकडे मका आहे त्यांनी जोंधळ्याच्या जागी मका घालावा. त्यात प्रथिन किंचित कमी असते, म्हणून पेंड चिमूटभर वाढवावी.

ह्यात एक गोष्ट सांभाळावी. भाग म्हणजे वजनाचे भाग; मापाचे नव्हेत. आपल्या बायका चिपट्या-मापट्याने मोजतात, आणि एक चिपटे कोंडा व एक चिपटे पेंड ह्यांच्या वजनांत मोठे अंतर पडते. एकदा किराणा दुकानाच्या तराजूवर प्रत्येक पदार्थाचे एक माप तोलून घ्यावे आणि आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. मग रोज माप वापरण्यास हरकत नाही.

नुसत्या दोन पदार्थांचे मिश्रण मात्र पुरते नाही. सहा महिन्यांच्या आतील वासरासाठी आम्ही जे दहा किलोंचे मिश्रण सांगतो ते असे: जोंधळ्याचा किंवा मक्याचा भरडा पाच किलो, शेंगदाणा पेंड तीन किलो, गव्हाचा कोंडा एक किलो सातशे ग्रॅम, क्षारांचे मिश्रण दोनशे ग्रॅम आणि मीठ शंभर ग्रॅम. ह्यात प्रथिन शेकडा साडेएकोणीस पडते. भरडा रव्यासारखा जाडसर असावा. पिठासारखा बारीक केला तर तो नाकात जातो, तोंडात चिकटतो आणि पोटात फार लवकर आंबतो. खुराक कोरडाच द्यावा. भिजवून ठेवलेली पेंड आपल्या उन्हाळ्यात दोन तासांत आंबते, हे आम्ही सांगावयास नको.

किती द्यावा? दुसऱ्या आठवड्यात पन्नास ते शंभर ग्रॅम, महिन्याच्या वासरास पावशेक किलो, दोन महिन्यांच्या वासरास अर्धा किलो, तीन महिन्यांच्या वासरास पाऊण ते एक किलो. तीन दिवस ओळीने अर्ध्या किलोहून अधिक खुराक आवडीने खाईल तेव्हाच दूध तोडावे. तारीख पाहून तोडू नये. सहा महिन्यांपुढे मिश्रण बदलावे. तेव्हा भरडा तीन किलो दोनशे ग्रॅम, सरकी पेंड अडीच किलो, शेंगदाणा पेंड एक किलो, तुरीची चुनी व कोंडा दीड दीड किलो, आणि क्षार व मीठ पूर्वीप्रमाणे, असे दहा किलो केले, तर प्रथिन शेकडा सतरा पडते आणि खर्चही आटोक्यात राहतो. हिरवी लसूणघास हाती असेल तर ह्यातला एक किलो रोज पुरे. नुसत्या कडब्यावर असेल तर दीड ते दोन किलो. कोणताही बदल दहाबारा दिवसांत हळूहळू करावा. लग्नाच्या घरी किंवा खळ्यावर सुटलेले वासरू धान्याच्या राशीवर जाऊन मेल्याचे वाचकांतील पुष्कळांनी पाहिले असेल. पोटात एकदम आम्ल होऊन ते मरते, आणि तेच थोड्या प्रमाणात त्या दावणीवर घडते जेथे मालक एका दिवसात खुराक दुप्पट करतो.

खर्चाविषयी. गोणीची किंमत पाहून पेंड निवडू नये. प्रथिनाची किंमत पाहावी. समजा, सरकी पेंड ३३ रुपये किलो आहे आणि शेंगदाणा पेंड ५२ रुपये. सरकी स्वस्त वाटते. पण सरकीत प्रथिन शेकडा २२, तेव्हा तिच्यातील एक किलो प्रथिन पडले दीडशे रुपयांस. शेंगदाण्यातील पडले एकशेतीस रुपयांस. भाव हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून हा भागाकार प्रत्येक खरेदीच्या वेळी नव्याने करावा. सर्वांत स्वस्त प्रथिन बहुधा दुकानात नसतेच. ते बांधावर असते. लसूणघास, शेवरी आणि सुबाभूळ ह्यांचा पाला म्हणजे हिरवी पेंडच. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक देऊ नये. तिच्यात केस गाळणारे एक द्रव्य आहे.

क्षारांचे मिश्रण पुष्कळांस चैन वाटते, म्हणून त्याचे कारण सांगतो. धान्य, पेंड व कोंडा ह्यांत स्फुरद असतो, पण चुना फार थोडा. आणि हाडास दोन्ही लागतात. खुराक जितका वाढवाल तितकी चुन्याची उणीव वाढते. उलट नुसत्या कडब्यावरच्या जनावरास स्फुरदही कमी पडतो. मग ते भिंत चाटते, माती खाते, चिंध्या चघळते. अशा वासरास मारू नये किंवा तोंडास मुसके बांधून समाधान मानू नये. आधी जंतांचे औषध द्यावे आणि मग क्षार सुरू करावे. जंत असलेल्या वासरास घातलेला खुराक हा जंतांचाच खुराक होय. पंढरपुरी म्हशी बाळगणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे की, रेडकास एक प्रकारचे मोठे गोल जंत आईच्या दुधातूनच मिळतात. म्हणून त्यास पहिले औषध दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून द्यावे लागते.

येथे एक गोष्ट मनात येते. सांगोला, आटपाडी, जत ह्या खिलारांच्या मुलखात जुनी रीत अशी की, खोंडास आईचे सगळे दूध पाजावयाचे, वर खुराक घालून त्यास सिद्धेश्वराच्या किंवा कार्तिकीच्या बाजारात उभे करावयाचे. आणि कालवडीस उरलेसुरले. आता ट्रॅक्टर आले, दुधाची गाडी दारात येऊ लागली, तेव्हा संकरित गोठ्यांत कालवडीस भाव आला आणि गोऱ्हा उपाशी मरू लागला. ज्याचा बाजार त्यास घास, असा हा न्याय आहे. तो आम्हांस बदलता येणार नाही. पण इतके म्हणू की, खिलारवाल्यांस वासरू कसे वाढवावे हे पहिल्यापासून ठाऊक होते. ती विद्या त्यांनी कालवडीच्या बाबतीत वापरली नाही, एवढेच.

दुष्काळाच्या वर्षांचे काय, असे कोणी विचारील. १९७२ साल वडीलधाऱ्यांस आठवते. २०१३ व २०१९ सालच्या चारा छावण्या तर तरुणांनीही पाहिल्या आहेत. त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात हाती येतात ती उसाची वाढी. वाढ्यांनी पोट भरते, पण त्यांत प्रथिन थोडे, आणि त्यातील ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य शरीरातील चुना बांधून बाहेर नेते. वाढी एकटी देऊ नयेत. कुट्टी करून चुन्याच्या निवळीचा शिपका द्यावा, आणि वासरापुरती तरी तीनशे ग्रॅम पेंड सोडू नये. दुष्काळी पावसानंतर उगवलेली कोवळी ज्वारी, ताणावरची फूट, ही मात्र वासरास तोंड लावू देऊ नये. तीत जहाल विष असते आणि घटकाभरात जनावर आडवे होते. फुलोऱ्यात आल्यावर कडवळ निर्धास्त द्यावे.

त्या कालवडीकडे परत येऊ. जंतांचे औषध दिले. मग बारा दिवसांत हळूहळू वर सांगितलेल्या पहिल्या मिश्रणाचा एक किलो रोज सुरू केला, कडबा अर्ध्या किलोवर आणला, आणि मालकाच्या बांधावरची दीड किलो लसूणघास मागून घेतली. मिश्रणातून १९५ ग्रॅम, कडब्यातून २० आणि घासातून सुमारे ६०, असे २७५ ग्रॅम प्रथिन झाले. वाचकांच्या ध्यानात आले असेल की, किलोभर मिश्रणात जोंधळा अर्धा किलोच आहे. म्हणजे भाकरीतून पूर्वी जितका निघत होता तितकाच. एक दाणाही अधिक नाही. वाढले ते तीनशे ग्रॅम पेंड, ओंजळभर कोंडा आणि चिमूटभर क्षार. पेंडीच्या पैशांसाठी उपदेशक बंधूंनी मालकाशी बोलणे केले. व्याल्यावर होणाऱ्या हिशेबातून ते वळते व्हावे असे ठरले, आणि तसे कागदावर लिहून दोघांचे अंगठे घेतले. निम्म्या वाट्याने जनावर घेणाऱ्या प्रत्येकाने हा खर्चाचा कागद पहिल्या दिवशीच करून घ्यावा.

नव्वद दिवसांनी आम्ही पुन्हा फीत लावली. घेर ४० इंच, लांबी ३४. पाटीवर आकडे मांडले ते त्या घरच्या चौथीतल्या मुलीने: १८१ पौंड, म्हणजे ८२ किलो. नव्वद दिवसांत तीस किलो. दिवसास ३३० ग्रॅम. चारशे भरले नाहीत. पहिल्या पाच महिन्यांत जे हुकले ते सगळे भरून येईलच असे आम्ही त्यांस सांगितले नाही, कारण तसे नेहमी होत नाही. पोट मात्र आत गेले होते, पाठीचे केस बसले होते, आणि अंगावर हात ठेवताच ती दावे ताणून बाजूस उडाली. मुलीने कोळशाने गोठ्याच्या भिंतीवर पहिल्या आकड्याखाली दुसरा लिहिला, आणि पुढच्या महिन्यासाठी जागा सोडून खाली एक रेघ ओढली. कालवड आता आठ महिन्यांची झाली आहे. पुढच्या गोणीपासून तिच्या मिश्रणात सरकी पेंड येईल.